कलम सात

मादाम ल गॉफनी चष्मा पुसला
आणि खरेदीखतातलं सातवं कलम पुन्हा एकदा वाचून दाखवलं:
दोघांपैकी जो मागे राहील
तो खरेदीच्या दिवसापासूनच
अख्ख्या घराचा एकटा मालक होता असं धरावं,
आणि जो आधी जाईल
तो कधीच मालक नव्हता.

कधीच.
ऐकतोयस ना, ग्वेनोले?
एक्याण्णवच्या मार्चपासून
तू माझ्याकडे पाहुणा होतास.
पाहुणा, आणि छपराच्या पाट्या एकेक करून बदलल्यास,
वीस वर्षं हप्ते भरलेस,
बंदरावरून फुटलेले हात घेऊन यायचास
आणि बूट न काढताच म्हणायचास,
माझ्या घरात किती गारठा हा!
माझ्या, म्हणायचास.

हसू फुटलं मला तिथेच.
बाईंना वाटलं रडते आहे,
रुमालांचा डबा पुढे सरकवला त्यांनी.
तूच घालायला लावलं होतंस हे कलम.
मी मागे राहिले
तर कोणी मला दार दाखवू नये म्हणून
स्वतःचं नाव पुसायची तजवीज
तू निळ्या शाईत करून ठेवलीस
आणि येताना मासे घेऊन आलास.

"नवराबायकोत वारसाकर नाही," त्या म्हणाल्या,
"एक सेंटसुद्धा नाही."
आणि तांगी?
"त्याला वडिलांच्या मालमत्तेतलं मिळेल. घर त्यात येत नाही."
म्हणजे बँकेतले नऊ हजार
आणि होडीचा अर्धा हिस्सा, जी गळते.
मी दिलं तर? मृत्युपत्र करून?
"द्या ना. पण कायद्याने तो तुमचा कोणी नव्हे.
परक्याला साठ टक्के."

परतीच्या बसमध्ये मी घर मोजत बसले.
साठ टक्क्यांत स्वयंपाकघर गेलं, जिना गेला,
गोवराच्या तापात ज्या खोलीत
मी रात्रभर त्याच्या कपाळावर पट्ट्या बदलल्या
तीही सरकारची.
त्याच्या वाटणीला उरला माळा
आणि कोळशाच्या खोलीचं अर्धं दार.

अकरा वर्षांचा होता तो,
एका शनिवाराआड केंपेरहून बसने यायचा,
पिशवी मांडीवरून खाली ठेवायचा नाही.
त्या वसंतात तू परसातल्या रानटी सफरचंदावर
शेजाऱ्याकडची फांदी बांधलीस.
दोरी त्याने धरली होती. मेण मी वितळवलं.
तेही कलमच.
तिसऱ्या वर्षी फळ धरलं,
आणि सालीवर कितीही बोट फिरवलं
तरी कोणतं झाड कुठे संपतं ते कळेना.

मंगळवारी बाईंचा फोन:
"एक रस्ता आहे. दत्तक घ्या त्याला."

चव्वेचाळीस वर्षांचा आहे तो.
ब्रेस्टला इंजिनं दुरुस्त करतो,
दोन मुली आहेत, टक्कल तुझ्यासारखंच मागून पडतंय.
मी एकाहत्तर.
रविवारी पाव कापता कापता सांगितलं,
त्याच्याकडे न बघता.
संमती लागते तुझी, म्हटलं,
तेरा वर्षांवरच्या मुलाला विचारावं लागतं.
बराच वेळ चावत राहिला.
"आईला काय वाटेल?"
तिला कोणी काढत नाही, म्हटलं,
मी नुसती जोडली जाते.

उठला, परसात गेला,
जे झाड कधीच तुझं नव्हतं
त्याच्याखाली खिशात हात घालून उभा राहिला.
मी ताटं विसळली. मग पुन्हा विसळली.
आत आला तेव्हा बुटांना चिखल होता, काढले नाहीत.
"बुडातून रानटी फुटवे आलेत.
सुरी कुठे असते?"
दाराआड, म्हटलं. त्याच्या खुंटीवर.

अर्ज अजून टेबलावरच आहे,
पावाचा चुरा पडलाय त्यावर,
आणि सही कुठे करायची
तिथे बाईंनी पेन्सिलीने
दोन फुल्या मारून दिल्या आहेत.